चिमणीचा नेम

चिमणीनं पहिल्याच्या कपाळात गोळी घातली, दुसऱ्याचा गळा फोडला आणि तिसरा जिन्यावरून पळत सुटला, तेव्हा त्याच्या पाठीत तीन गोळ्या उतरवल्या. चार सेकंदांत तीन मुडदे. मावशींनी चित्रण थांबवलं, चहाचा घोट घेतला आणि ते पुन्हा मागे नेलं.

ऑफिसात त्यांना सगळे मावशीच म्हणत. ऑनलाइन गोळीबाराच्या खेळात कोण खरा खेळतो आणि कोण चोरटं सॉफ्टवेअर लावून, हे ठरवणं त्यांचं काम. दिवसाला चारेकशे मरणं त्या बघत. फुटलेली डोकी, पेटलेली माणसं, रक्तानं माखलेल्या भिंती. घरी मात्र झुरळ निघालं की शेजारणीला हाक मारत. लढाई सुरू झाल्यापासून ऑफिसच्या काचांवर चिकटपट्ट्या होत्या, त्यांच्याकडे आता कुणाचं लक्षही जात नव्हतं.

सहा वर्षांत मावशींचा एकही निकाल चुकला नव्हता. त्यांनी निर्दोष ठरवलेल्या पोरांची यादी दर शुक्रवारी स्पर्धेच्या प्रायोजकांची दोन माणसं घेऊन जात. इस्त्रीचे शर्ट, गोड बोलणं. "तुमच्या पोरांना लगेच कामं मिळतात, मावशी," असं ती सांगत, आणि मावशींचा तो दिवस बरा जाई.

चिमणी हे अठरा वर्षांच्या एका मुलाचं खेळातलं नाव. अंतिम सामना आठवड्यावर आला असताना त्याच्याविरुद्ध एकाच दिवशी एकेचाळीस निनावी तक्रारी आल्या होत्या. सगळ्यांची भाषा एकच. कुणीतरी एकट्यानं बसून लिहिल्यासारखी. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"पोरगा स्वतः कबूल करतोय," साहेब म्हणाले. "लबाड लिहा, आजन्म बंदी घाला आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, सहा वर्षांत कुणी कबूल केलंय? पुरावा नाकावर मारला तरी नाही म्हणतात मेले."

दुपारी त्यांनी मुलाला व्हिडिओवर बोलावलं. शेजारी त्याची आई बसली होती. मुलाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला फळी बांधलेली, पंजा सुजून जांभळा पडलेला.

"बोटाला काय झालं?"

मुलानं आईकडे पाहिलं. "दारात सापडलं."

"दारात सापडलेलं बोट असं दिसत नाही रे."

"मॅडम, मी चोरी केली. नेम लावणारं सॉफ्टवेअर होतं. लिहून टाका."

"नाव काय त्या सॉफ्टवेअरचं?"

आई पुढे झुकली. "बाई, तो कबूल करतोय ना? मग कशाला खोदून विचारता? हात जोडते. लबाड म्हणून लिहा."

"कुणी धमकावतंय का तुम्हाला? हे बोट कुणी मोडलं?"

"तुम्हाला मुलं आहेत, बाई?"

"नाहीत."

आईनं कॅमेरा बंद केला.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या संघाची गुंड पोरं, दुसरं कोण! एका अठरा वर्षांच्या पोराचं बोट ठेचायचं, वर त्याच्याच तोंडून चोर म्हणवून घ्यायचं. आणि आपण शिक्का मारून घरी जायचं? त्यांना मनापासून चीड आली, आणि त्या पोराची मायाही आली.

दोन दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून चित्रणं तपासली. यंत्राचा नेम सरळ डोक्यावर जाऊन थांबतो. माणसाचा हात किंचित पुढे जातो, मग मागे येतो. चिमणीनं मारलेल्या दोनशे बारा माणसांपैकी प्रत्येकाच्या वेळी हात पुढे जाऊन मागे आला होता. शिवाय तो घाबरायचा. रिकाम्या कोपऱ्यावर गोळ्या झाडायचा, एकदा तर हलणाऱ्या पडद्याची चाळण केली होती. चोराला सॉफ्टवेअरमुळे पडद्यामागे कोणी नाही हे ठाऊक असतं.

"निर्दोष," त्यांनी शुक्रवारी सकाळी लिहिलं आणि खाली सही केली.

"पोरगा नको म्हणतोय, तुमचा हट्ट कशाला?" साहेब कुरकुरले.

"दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी व्हायलाच हवं. नाहीतर माझा राजीनामा घ्या."

साहेबांनी कागद पुढे पाठवला.

शनिवारी निकालाचं पत्र घेऊन मावशी स्वतःच निघाल्या. पोराला म्हणायचं, भिऊ नकोस, पोलिसांत चल, साक्ष मी देते. पत्ता चौथ्या मजल्याचा होता. दुसऱ्या मजल्यावर त्यांना वरून किंकाळी ऐकू आली आणि त्या धापा टाकत पळत सुटल्या.

प्रायोजकांची तीच दोन माणसं मुलाला दंडाला धरून खाली आणत होती. आज त्यांच्या अंगावर लष्करी गणवेश होता. आई मुलाच्या शर्टाला लोंबकळली होती. एकानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. ती कठड्यावर आपटली, आणि तिच्या ओठातून रक्ताची धार लागली.

"अहो, सोडा त्याला!" मावशी ओरडल्या. "तो निर्दोष आहे! मी सही केलीय!"

"काल मिळाला कागद, मावशी. म्हणून तर आलो," दुसरा माणूस नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाला. "लबाड पोरं आम्हाला काय कामाची? आघाडीवर असाच खरा नेम लागतो. बोट काय, महिन्यात जुळेल."

ते मुलाला घेऊन खाली गेले. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मावशी पत्र हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"थोरल्याच्या कागदावरही तुमचीच सही होती, बाई," ती म्हणाली. "म्हणून या वेळी हातोडी मी घेतली."