टक लावून

तान्ही बाळं कशाकडे किती वेळ बघतात ते टिपणाऱ्या प्रयोगशाळेत पडद्यावर दोन चेहरे आले. एक नजलाचा, दुसरा कुणा परक्या बाईचा. नजलाच्या मांडीवरच्या सात महिन्यांच्या झियादनं आईकडे ओझरतं बघितलं आणि मग तो परकीकडेच टक लावून बसला. नजलाचं तोंड एवढंसं झालं.

"मनाला लावून घेऊ नका ताई," प्रयोग घेणारी मुलगी म्हणाली. "ओळखीच्या माणसावरून बाळ लगेच नजर काढतं. जे कळत नाही, त्याच्यावरच नजर खिळते."

नजलाला ते पटलं, आणि नाहीही.

शुक्रवारी तिचा नवरा रिफअत कुवेतहून आला. सव्वा वर्षानं, लेकाला पहिल्यांदाच बघायला. दुपारी सगळे मुलूखियाची पातळ पालेभाजी खायला बसले. एरवी मिरचीला हात न लावणारा रिफअत आज मिरच्याच मागून मागून खात होता.

"बघितलंस? रक्ताला रक्त कळतं," तो खुशीत म्हणाला. "आल्यापासून पोरगं माझ्यावरून डोळा काढत नाहीये. तुझ्याकडे तरी बघतो का असा?"

"नाही. माझ्याकडे नाही बघत."

त्या मुलीचं बोलणं नजलाच्या ओठांवर आलं होतं. सांगावं की गिळून टाकावं, तिला कळेना.

"आणि तू गं? तुझं ताट तसंच आहे. काय बघत बसलीयेस एवढं?"

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. तो दारात उभा राहिल्यापासून तिचीही नजर त्याच्यावरून हलली नव्हती.