भुईवर सांडलेली भाकर

झुंबरबाईचा पुंजा तिशीचा झाला तरी समजेनं लेकरूच. त्याला भाकर कुस्करून खायला शिकवण्यात तिची सात वर्षं गेली. अर्धी भुईवर सांडायची, पण आपल्या हातानं खायचा. कंबर मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा भावकीनं त्याला आश्रमात ठेवलं. दोन महिने तिला एकच घोर: तिथं कोणी मारत तर नसेल? उभं राहता येताच भाकर फडक्यात बांधून तिनं मोताळ्याची एसटी गाठली. पुंजा दिसताच सदरा वर करून पाठ पाहिली, केसांत बोटं फिरवली. ना वळ, ना मळ. “काऊन भेता, बाई?” सेवक हसला. “भुईवर एक कण सांडू देत नाही आम्ही.” तिचा जीव भांड्यात पडला. फडकं सोडून तिनं भाकर पुढ्यात ठेवली. “खाय, राजा.” पुंजानं दोन्ही हात झटकन मांड्यांखाली दाबले आणि तोंड उघडलं.