अडकलेली मंडळी

दाराची मूठ पाळकसाहेबांच्या हातातच आली.

त्यांनी ती पुन्हा भोकात बसवली, फिरवून पाहिली. पलीकडे काहीतरी खण्णकन पडलं आणि मूठ नुसतीच गरगरायला लागली. चर्चच्या मागची ही खोली म्हणजे कपाटाचीच थोरली बहीण. एक खुर्ची, झगे टांगायची खुंटी आणि छताजवळ एक झरोका. उपासनेआधी घटकाभर एकटं बसावं म्हणून ते दार ओढून घेत. आज ओढलं ते ओढलंच.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं होतं. आज उपदेश करायला नको. कुणी विचारलं तर अडकलो होतो म्हणायचं. त्यात खोटंही काही नव्हतं.

दोन वर्षं झाली, त्यांचं मन इथून उठलं होतं. देवावरून नाही, या जागेवरून. मंडळी आटत आटत मूठभर म्हाताऱ्यांवर आली होती. तेच चेहरे, तोच खोकला, तोच उपदेश थोडा उलटापालटा करून. व्यासपीठावर उभं राहिलं की स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटे. मुलगी सारखी म्हणायची, "बाबा, पुरे झालं आता. आमच्याकडे या." जीव तिकडे ओढायचा. पण या म्हाताऱ्यांना कुणाच्या भरवशावर सोडायचं? मेंढपाळच निघून गेला तर कळपाने काय करायचं? यातलं अक्षरही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. निमूट सोसत राहायचं. यालाच ते नम्रता म्हणत.

बाहेर ऑर्गन थांबला. तो त्यांची बायको वाजवायची. तिची पावलं वाजली, मोठं दार करकरलं. आपल्याला शोधायला घरी गेली असणार, त्यांच्या लक्षात आलं. ती बाहेर पडते न पडते तोच बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि झरोक्यातून शब्द न शब्द आत यायला लागला.

"नाही आले तर बरंच," शिंपीकाकांचा आवाज. "लवकर सुटू. नातवंडं माझी सगळी त्या मोठ्या चर्चला जातात. तिकडे गेलो असतो तर त्यांच्यात बसलो असतो मजेत."

"आणि मला काय इथल्या पायऱ्या चढायची हौस आहे होय?" या निवृत्त नर्सबाई. "गुडघे बोंबलतात नुसते. तिकडे लिफ्ट आहे. बसायला गाद्यांच्या खुर्च्या आहेत."

"मग जाऊ या ना सगळेच!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि पाळकसाहेब?" नर्सबाईंनी आवाज खाली आणला. "आपण गेलो तर मोडून पडेल हो तो माणूस. उपदेशाशिवाय जगायचा नाही. शिवाय आपण शब्द दिलाय."

"दिलाय खरा," शिंपीकाकांनी उसासा टाकला. "म्हणून तर बसलोय इथे."

पाळकसाहेब मटकन खुर्चीवर बसले. शब्द देवालाच दिला असणार, त्यांना वाटलं. त्यांचे कान तापले. ज्यांना आपण सांभाळत होतो, ते आपल्याला सांभाळत होते. आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसावं तसे दर रविवारी येऊन बसत होते. आधी त्यांना राग आला. मग लाज वाटली. मग ते उठले आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागले.

बाहेर धावपळ उडाली. शिंपीकाकांनी घराची किल्ली भोकात घालून काहीतरी खटपट केली, खांदा लावला. दार उघडलं.

"कधीपासून आहात आत?" नर्सबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. शिंपीकाका किल्लीकडे बघत राहिले.

पाळकसाहेब पुढे गेले, पण व्यासपीठावर चढले नाहीत. बाकांपाशीच उभे राहिले. 'जा, मी तुम्हा सगळ्यांना मोकळं करतो.' वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. चांगलं वजनदार वाक्य होतं. नर्सबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला असता, शिंपीकाकांनी हात धरला असता आणि त्यांची त्यागमूर्ती आणखी थोडी उंच झाली असती. हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांनी ते वाक्य गिळलं.

"मलाच इथून जायचंय," ते म्हणाले. "दोन वर्षांपासून. कंटाळलोय मी. तुमचं कसं होईल म्हणून थांबलो होतो. तुमच्यावर उपकार करतोय असं वाटायचं मला."

आधी शिंपीकाकांना हसू फुटलं, पार खोकल्यासकट. नर्सबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं आणि त्या स्वतःच हसत सुटल्या. बघता बघता सगळी बाकं हसायला लागली.

हसत नव्हती फक्त पाळकसाहेबांची बायको. ती धापा टाकत मोठ्या दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ती सरळ पुढे आली आणि पहिल्या बाकावर बसली.

"ऐकलंस तू?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

तिने मान हलवली.

"अहो, मला एकदा सांगायचं तरी," ती म्हणाली. "मी यांच्या घरोघरी जाऊन हात जोडलेत, काहीही करा पण येत राहा, नाहीतर माझा माणूस खचेल म्हणून."