मुकादमाचं कुलूप

"कापायचं नाही, साहेब. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं." खलील फिटरने कटर पाठीमागे लपवला.

"अरे, पण रामू परवा गेला ना!" मॅनेजर देवेश ओरडले आणि लगेच ओशाळले. रामूची बायको सखूबाई समोरच उभी होती.

पनवेलजवळचा हा कारखाना. फॉस्फेटच्या दगडाचं पीठ गंधकाच्या तेजाबात ढवळायचं, की त्यातून फॉस्फोरिक अ‍ॅसिड निघतं. टाकीला मात्र आतून दगडासारखी खपली धरते. ती फोडायला माणसं उतरायच्या आधी मुकादम ढवळणीच्या स्विचला आपलं कुलूप घालतो. कुलूप आहे तोवर आतला पंखा फिरत नाही. परवा काम चालू असतानाच रामू मुकादम टाकीच्या तोंडाशी छाती धरून कोसळला. माणसं धावत बाहेर आली. कुलूप तसंच राहिलं.

चावी रामूच्या कडदोऱ्याला होती. आता ती सखूबाईकडे होती. मेलेल्या दोस्ताचं कुलूप कापणं खलीलच्या जिवाला पटेना, म्हणून त्यानेच तिला बोलावून आणलं होतं.

"भाभी, तुम्हीच काढा. तुमचा हक्क आहे."

"काढते. पन आदी त्यांना घरा नेते," सखूबाई म्हणाली. "मानूस जिथं पडला तिथून हाक मारल्याबिगर त्याचा जीव घरा येत नाय. आमच्यात तसंच हाय."

प्लांट दोन दिवस बंद होता, वरून फोनवर फोन येत होते. पण नाही म्हणायला देवेशांची जीभ रेटेना.

सखूबाई शिडी चढली. टाकीच्या तोंडाशी वाकली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

"आवो, चला घरा! मी न्यायला आलेय."

"आलो, आलो!" आतून आवाज आला.

खलीलच्या हातातला कटर गळून पडला. सखूबाई कठडा धरून मटकन खाली बसली.

आधी खपल्यांची गोणी वर आली, मग पांढरं झालेलं डोकं. ठेकेदाराचा मजूर धनेश! दोन दिवस गावी होता. सकाळी आला तो राहिलेलं काम उरकायला थेट आत उतरला होता.

"मेल्या, कुणाला विचारून तरी उतरायचंस!" खलील रडतच ओरडला.

"इचारायचं काय त्यात? मुकादमकाकांचं कुलूप होतं की लावलेलं." धनेशने तोंडावरची धूळ पुसत सगळ्यांकडे पाहिलं. "काका कुठं हायत?"