कुड्याची साल

नवसूने फडकं ओट्यावर सोडलं, तशी सालीच्या तुकड्यांबरोबर एक पानही खाली पडलं. त्याच्या बायकोने, मालूने, ते उचललं. लांब, बोटाहून बारीक, टोकाला सुरीसारखं निमुळतं. कुड्याचं पान असं नसतं. ते रुंद असतं, तळहाताएवढं.

तिने ते मुठीत धरलं. ओट्याच्या कडेला रुपा बसली होती. वैशाखऱ्याहून पायी आलेली, मांडीवर दोन वर्षांची लेक. पोरीला दोन दिवसांपासून रगत-आव पडत होती. डोळे आत गेले होते. आता ती रडतही नव्हती.

"बरी होल गो," नवसू म्हणाला. "कुड्याची साल ताकात दिली का सांजच्याला खेळाय लागल."

चाळीस वर्षं तो झाडपाला देत आला होता. रोडपलीकडच्या गावांतूनही लोक येत. तो पाट्याशी बसला आणि साल ठेचू लागला. सालीच्या कडेला पांढरा चीक साकळला होता. चीक कुड्यालाही येतो आणि बिट्टीलाही.

वरच्या फार्महाऊसवाल्याने कुंपणाला बिट्टी लावली होती, पिवळ्या फुलांची, लांब बारीक पानांची. बिया ओढ्याला लागल्या, पाण्याबरोबर खाली आल्या. आता दोन्ही काठांवर कुड्याच्या झुडपांतच बिट्टी माजली होती. गुरं तिला तोंड लावत नसत. वाडीतल्या पोरालाही ठाऊक होतं, बिट्टी म्हणजे विष. नवसूनेच ते पोरापोरांना शिकवलं होतं.

गेल्या महिन्यात बांधावरच्या घाणेरीला त्याने निरगुडी म्हटलं होतं. मालू खूप हसली होती. तोही हसला होता, पण जरा उशिरा.

त्याने ठेचलेली साल वाटीतल्या ताकात पिळली. ताकाचा रंग किंचित बदलला.

"आण, मी पाजते," मालू म्हणाली.

"नाय. औषद माझ्या हातानं जातं, ठाऊक हाय ना तुला?"

तो पोरीपुढे वाकला. रुपाने लेकीचं तोंड वर धरलं. मालू उठली ती सरळ त्याच्या हातावर आदळली. वाटी उलटली, ताक सारवणावर पसरलं. कोंबडी चोच मारायला धावली. मालूने तिला अशी काही हाकलली, की रुपा बघतच राहिली.

"हात-पाय थाऱ्यावर नाय राहिलं माझं," मालू म्हणाली. "म्हातारी झाले."

"चाळीस वरसात असं कंदी झालं नव्हतं!" नवसू तिच्यावर खेकसला. पोरीकडे बघितलं, मालूकडे बघितलं. मग कोयता उचलून परत ओढ्याच्या वाटेला लागला.

तो वळणाआड होईपर्यंत मालू थांबली.

"उठ. मुरबाडला डाक्टरकडं ने हिला. खाली रोडला जीप भेटल."

"पन नवसूबाबा साल आणाय गेला ना? माझा भाऊस बाबाच्याच हातानं उठला होता."

"उठला असल."

"बाबाला राग येल गो."

"येऊ दे." मालूने बाटलीत पाणी भरलं, मीठ-साखर घालून हलवलं. "वाटंत घोट घोट पाजत जा."

रुपाचं लक्ष तिच्या दुसऱ्या मुठीकडे गेलं. त्यात पान चुरगळून बसलं होतं. "काय झालंय, सांग तरी."

"पोर सुकत चाललंय तुझं, ते झालंय. जा आता."

रुपा गेली. मालूने उरलेली साल चुलीमागच्या खड्ड्यात पुरली, वर दगड ठेवला. पाटा राखेने तीनदा घासला, तरी हाताला चीक असल्यासारखा वाटत राहिला. मग ती ओढ्याकडे निघाली. वाटेत तिने मनाशी जुळवून ठेवलं, काय सांगायचं. पोर फार मलूल झाली होती, म्हणून धाडली. एवढंच सांगायचं.

नवसू दोन झुडपांच्या मधे उभा होता. एकाच्या खोडावर ओली सोललेली जागा होती. कोयता हातात, पण उचललेला नाही. तो एकदा या खोडाकडे बघे, एकदा त्या. पाठमोराच म्हणाला,

"पोर गेली का?"

"मुरबाडला धाडली. फार मलूल..."

"बरं केलंस."

मालू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पान उचललंस ते बघितलं मी," तो म्हणाला. "तू का उचललंस, ते वाटी सांडल्यावर समजलं. पन पान बघून मला काय वाटलंच नाय गो. कोणतं बी पान असावं, तसं दिसलं."

पाणी दगडांवरून वाहत होतं. त्याने कोयता तिच्याकडे केला, मूठ तिच्या बाजूला.

"यातला कुडा कोणता?"

मालूने कोयता घेतला नाही. त्याचा मोकळा हात धरून रुंद पानांच्या झुडपाकडे नेला, खोडावर टेकवला. "हा."

"हा," तो म्हणाला. त्याची बोटं सालीवरून खाली-वर फिरली. बराच वेळ फिरली.

तेवढ्यात वर वाडीतून हाक आली. बाईमाणसाचा आवाज, घाईचा, अनोळखी.

"नवसूबाबा, घरात हाव का?"

दोघांनीही ओ दिली नाही.