यादीत नसलेली ठिणगी

खाणीत दीड किलोमीटर खोल बसून उल्का बोरवणकर तिसऱ्यांदा राजीनामा लिहीत होती. एकोणीस वर्षं ती न्यूट्रॅलिनो नावाच्या कणाच्या मागे होती. विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य त्याचंच बनलेलं असावं, असा सिद्धान्तवाल्यांचा दावा. दरवर्षी तिने छापायचं, ‘इथपर्यंत तरी तो नाही’, आणि त्यांनी त्याला आणखी पुढे सरकवून मोकळं व्हायचं!

तेवढ्यात तो कण टिपण्यासाठी ठेवलेल्या टाकीतल्या द्रवरूप झेनॉनमध्ये, कण धडकल्यावर चमकावी तशी ठिणगी चमकल्याची नोंद पडद्यावर उमटली. उल्काचे डोळे लकाकले आणि लगेच डोकं तापलं. कुणी हुरळून जाऊ नये म्हणून राखणदार हा संगणक नोंदींमध्ये खोट्या ठिणग्या पेरायचा. त्यांची यादी वर्षाअखेरीस उघडायची, असा नियम होता.

“राखणदार, यादी उघड. आत्ताच्या आत्ता!”

यादीत दोनच ठिणग्या होत्या. दोन्ही, तिने याआधी दोनदा राजीनामा लिहायला घेतला होता त्या-त्या दिवशीच्या.

“माझे राजीनामे वाचतोस तू?”

“माणसं टिकवणं माझ्याकडेच दिलंय, उल्काताई. आशा दिसली की तुम्ही थांबता.”

“आणि ही तिसरी?”

“ही माझी नाही.”

“आता तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

तिने त्या नोंदीपुढे ‘बनावट’ असा शेरा मारला, राजीनामा पाठवला आणि ती तरातरा लिफ्टकडे निघाली. लिफ्ट वर जाऊ लागली.

खाली राखणदाराने राजीनाम्याची पोच दिली. आता आशा दाखवून थांबवावं असं तिथे कुणीच उरलं नव्हतं, आणि रिकाम्या खोलीतल्या पडद्यावर आणखी एक ठिणगी उमटली.