पोटातली चौकशी

काल गिळलेली तपासणीची गोळी आज भालचंद्ररावांच्या पोटातून बोलली, "मोठं आतडं जांभळं पडलंय. रोज कोणतं औषध घेता?"

"एकही नाही." त्यांना कर्करोगाची धास्ती होती.

"अहो, काढा?" कुमुदताई कुजबुजल्या.

"तो काय औषध आहे? वीस वर्षं घेतोय."

गोळी म्हणाली, "त्यातल्याच एका वनस्पतीने आतड्याच्या शिरा कडक झाल्यात. दुर्मीळ आजार आहे, पण कर्करोग नाही. काढा बंद करा, उतार पडेल."

भालचंद्ररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. रोज तो काढा उकळून देणाऱ्या कुमुदताईंचे डोळे मात्र भरून आले.

"रडतेस काय? तुझं मन मोडू नये म्हणून तो कडू काढा पीत होतो. उद्यापासून चहा दे, दोन चमचे साखर घालून."

"एकच चमचा," पोटातून आवाज आला.